कॅल्क्युलेटरला गणित सांगण्याची पद्धत

उच्च गणिताच्या अभ्यासासाठी कॅल्क्युलेटर निवडताना आपण त्याच्या सोयींची यादी वाचतो, पण त्याला गणित कोणत्या पद्धतीने सांगायचे याचा विचार क्वचितच करतो. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हावी.

ओळीत सरळ टंकण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र तिच्यात क्रियांचा क्रम यंत्र लावते आणि सगळी यंत्रे तो सारखा लावत नाहीत. १÷२क्ष ही राशी टीआय-८२ हा कॅल्क्युलेटर १÷(२क्ष) अशी वाचत असे, तर त्याच कंपनीचा टीआय-८३ (१÷२)×क्ष अशी. म्हणजे क्षची किंमत ३ असताना एकाचे उत्तर १/६ आणि दुसऱ्याचे ३/२. अपूर्णांक, वर्गमूळ आणि संकलनचिन्ह (∫) वहीतल्यासारखे मांडून दाखवणाऱ्या यंत्रांत ही शंका बरीचशी मिटते, कारण छेदात काय आहे ते डोळ्यांना दिसते.

तरीही रोजच्या अभ्यासासाठी माझा कल उलट पोलिश पद्धतीकडे आहे. यान वुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने चिन्ह आधी लिहिण्याची जी कंसविरहित पद्धत मांडली, तिचेच हे उलटे रूप: आधी संख्या, मग चिन्ह. १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या कॅल्क्युलेटरने ते खिशात आणले. (२+३)×(७−४) करायचे असेल तर २, एंटर, ३, + दाबताच पडद्यावर ५ येतात. मग ७, एंटर, ४, − केले की ३, आणि शेवटी × दाबल्यावर १५. कंस कुठेच लागत नाही, प्रत्येक टप्प्याचे उत्तर समोर येते आणि कोणती क्रिया आधी करायची हे आपल्यालाच ठरवावे लागते. राशीची रचना समजल्याशिवाय एकही कळ दाबता येत नाही, आणि शिकणाऱ्याला नेमकी हीच सवय हवी असते. जुन्या यंत्रांच्या स्टॅकमध्ये, म्हणजे पुढच्या क्रियेसाठी एकावर एक रचून ठेवलेल्या संख्यांच्या जागेत, चारच संख्या मावतात, त्यामुळे सर्वांत आतल्या कंसापासून सुरुवात केलेली बरी.

या पद्धतीने सगळेच सोपे होते असे नाही. न्यूटनच्या रीतीने वर्गमूळ काढताना मागील उत्तर वापरून एकच सूत्र पुन्हा पुन्हा चालवायचे असते, तेव्हा ओळीची पद्धत अधिक सुटसुटीत पडते. मॅट्रिक्स भरताना किंवा निश्चित संकलन पडताळताना मी वहीसारखी मांडणीच पसंत करतो.

परीक्षेत कोणते यंत्र चालते ते आधी पाहावेच. पण पैसे खर्च करण्यापूर्वी एचपी-४२एस या उलट पोलिश पद्धतीच्या कॅल्क्युलेटरची नक्कल करणारे फ्री४२ हे मोफत ॲप फोनवर घेऊन, आपल्याच वहीतली लांबलचक गणिते त्यावर सोडवून पाहावीत.