गुणिले सर्व्हिस, भागिले सत्तर

पप्पांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. अठ्ठावीस वर्षं नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टर्नर म्हणून काढली, कूलंट आणि लोखंडाच्या धारदार किसाने हातावरच्या रेषा पार घासून गेल्यात, आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की तो छोटा डबा लाल दिवा दाखवतो. एका वर्षी तर काउंटरवरच्या मुलाने सरळ सांगितलं, काका तुमचे ठसेच नाहीयेत. पप्पा म्हणे, मी तर आहे ना. पण सिस्टिममध्ये ते नव्हते त्यामुळे तीन महिने पेन्शन बंद. बँकेत गेलं की म्हणणार पेन्शन ऑफिसला जा, तिथे गेलं की बँकेत जा.

आणि पेन्शन किती तर १,९०४ रुपये. हो, महिन्याला.

हे शेवटी सोडवलं कोणी तर पेन्शनर संघटनेतल्या एका काकांनी. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर चेहरा स्कॅन करायचं ॲप टाकून ठेवलेलं, पप्पांना उजेडात उभं केलं, डोळे मिटा-उघडा म्हणाले, झालं काम. वर सांगितलं की ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेतल्या लोकांना, नोव्हेंबरच पकडून बसायची गरज नाही, वर्षात कधीही दाखला द्या, दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो. इतकी साधी गोष्ट आम्हाला कुठल्याच काउंटरवर कोणी सांगितली नव्हती.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी या संघटनेला टाइमपास समजायचे. दर बुधवारी गार्डनमध्ये पंधरा-वीस म्हातारी माणसं जमतात, कोणीतरी परिपत्रक वाचून दाखवतं, घोषणा देतात, मग चहा, मग आपापल्या गुडघ्यांच्या गप्पा. भालेकर मैदानावरून मोर्चा निघाला की टोप्या घालून कलेक्टर ऑफिसपर्यंत जायचं, निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. मी पप्पांना म्हणायचे पण, अहो तुमच्या निवेदनाने दिल्लीत काय होणारे? ते काही बोलायचे नाहीत, टोपी खुंटीला लावायचे.

मग एकदा त्यांनी मला माझ्याच पगाराची स्लिप आणायला सांगितली आणि पेन्सिलने गणित मांडून दाखवलं. आठवी शिकलेला माणूस. म्हणे बघ, कंपनी तुझ्यासाठी पीएफला जे १२ टक्के भरते ना त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण ते तुझ्या पूर्ण पगारावर नाही, १५,००० च्या लिमिटवर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. केंद्र सरकार टाकतं १.१६ टक्के, म्हणजे १७४ रुपये. आणि रिटायर झालीस की पेन्शनेबल सॅलरी, म्हणजे लिमिटपर्यंत धरलेला पगार, गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले ७०. आमच्या वेळी लिमिट ६,५०० होतं. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची, तिथून माझी सर्व्हिस १७ वर्षं, कर गुणाकार. केला. १,५७८. त्याच्या आधीच्या म्हणजे १९७१ च्या फॅमिली पेन्शन योजनेतल्या सर्व्हिसचे तीनशे-सव्वातीनशे. झाले एकोणीसशे. २०१२ ला १,९०४ होती, आजही १,९०४ च, कारण या पेन्शनला महागाई भत्ताच नाही.

मला पस्तिशीत कळलं की माझी पेन्शन कशी निघणार. एमबीए केलंय मी.

तर ही संघटना. म्हणजे संघटना एक नाही, नाशकातच दोन-तीन आहेत आणि त्यांचं आपसात फार जमतं असं नाही, एकाच्या मोर्चाला दुसरा येत नाही. पप्पा ज्यांच्याबरोबर आहेत ती ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समिती. राष्ट्रीय म्हटल्यावर मला वाटलं दिल्लीत ऑफिस असेल, पण तिचं मुख्यालय आहे आपल्या बुलढाण्यात. कमांडर अशोक राऊत अध्यक्ष. तिथे २०१८ च्या डिसेंबरमध्ये साखळी उपोषण सुरू केलं या लोकांनी आणि मग वर्षानुवर्षं ते चालूच ठेवलं. मागण्या तोंडपाठ आहेत सगळ्यांना: किमान पेन्शन ७,५०० अधिक महागाई भत्ता, नवरा-बायकोला मोफत उपचार, सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे वाढीव पेन्शन.

आता हे मिळालंय का? नाही. किमान पेन्शन १,००० आहे, २०१४ च्या सप्टेंबरपासून, आणि हे लिहितेय तोवर तरी तेवढीच आहे. ते हजार तरी कुठून आले तर त्याच्या आधी देशभरातल्या युनियन आणि पेन्शनर संघटनांनी धोशा लावला होता, अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीपर्यंत गेला, भगतसिंग कोश्यारी त्या समितीचे अध्यक्ष होते (हो तेच, नंतर आपले राज्यपाल झालेले), आणि २०१३ मध्ये त्या समितीने लिहून दिलं की किमान ३,००० द्या, भत्ता जोडा, सरकारने आपला १.१६ चा वाटा वाढवून ८.३३ करावा. मिळाले एक हजार. भत्ता नाही, वाटा तोच. गार्डनमधले काका अजूनही कोश्यारी अहवाल असं म्हणतात जसं काही घरातलं खरेदीखत आहे.

पण पप्पांचं म्हणणं वेगळंय आणि मला ते हळूहळू पटायला लागलंय. संघटनेने मोठं दार उघडलं नाही पण खिडक्या उघडल्या. उदाहरणार्थ विक्रीची गोष्ट, म्हणजे कम्युटेशन. २००८ च्या सप्टेंबरपर्यंत रिटायर झालेल्यांना पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घेता यायचे. लोकांनी घेतले, कोणी पोरीचं लग्न केलं कोणी सिडकोत रूम घेतली. पण तो कापलेला भाग परत कधी मिळणारच नव्हता, मरेपर्यंत. सरकारी नोकरांना पंधरा वर्षांनी तो परत मिळतो, यांना नाही. अनेक वर्षं संघटनांनी हे लावून धरलं आणि २०२० च्या फेब्रुवारीत नोटिफिकेशन निघालं, पंधरा वर्षं झाली की पूर्ण पेन्शन सुरू. देशात सहा लाखांच्या वर लोकांना फायदा. आमच्या लाइनीतल्या एका आजोबांचे चारशे-पाचशे वाढले असतील. पेपरात आतल्या पानावर दोन इंचाची बातमी होती. पण त्या चारशेत त्यांच्या बीपीच्या गोळ्या बसतात.

त्याच्या पुढच्याच महिन्यात हे लोक खासदार हेमा मालिनींना मध्ये घेऊन थेट पंतप्रधानांना भेटून आले. गार्डनमध्ये पेढे वाटले. तीन आठवड्यांत लॉकडाऊन. त्यानंतर तो विषय कुठे गेला कोणास ठाऊक.

वाढीव पेन्शनची भानगड अजून निराळी. ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की ज्यांचा पीएफ पूर्ण पगारावर कापला गेला त्यांना पूर्ण पगारावरची पेन्शन मागता येईल, पेन्शन फंडात कमी गेलेल्या पैशांचा फरक भरून. पण १ सप्टेंबर २०१४ च्या आधी जे रिटायर झाले आणि ज्यांनी नोकरीत असताना तसा ऑप्शन दिला नव्हता ते बाद. पप्पा २०१२ चे. बाद. त्यांचेच शिफ्टमधले एक मित्र २०१६ ला निवृत्त झाले, ते बसले. एकाच मशीनवर दोन पाळ्यांत काम केलेली माणसं, एक जण लाखांचा फरक कुठून भरू म्हणून रात्री जागतोय आणि दुसऱ्याला तेवढं जागायलाही कारण नाही. तिथून संघटनेतही दोन गट पडले, हायर पेन्शनवाले आणि मिनिममवाले. बुधवारी आता दोन बाकांवर बसतात.

सरकारची बाजू मला अजिबात कळत नाही असं नाही. ७८ लाखांवर पेन्शनर आहेत, फंडात आला तेवढाच पैसा, फंडाच्या मूल्यांकनात तूट दिसते, वाढवायचे तर कुठून वाढवायचे. ठीक आहे. पण मग लाडक्या बहिणीला १,५०० देताना हे गणित कोणी मांडलं? माझा त्याला विरोध नाहीये, आमच्या समोरच्या काकूंना ते मिळतात आणि मिळायलाच हवेत. पण त्याच घरात काका पंचवीस वर्षं पीएफ कापून घेऊन हजार रुपये आणतात आणि काकू एक फॉर्म भरून दीड हजार आणतात, आणि काका हे हसत हसत सांगतात तेव्हा बघवत नाही.

एक गोष्ट मात्र मी पप्पांना तोंडावर बोलले. तुम्ही ७,५०० मागताय ती मागणी किती वर्षं झाली? भत्ता मागताय आणि तुमच्या मागणीलाच भत्ता नाही. ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, आकडा बदलला तर लोक म्हणतील यांचं समाधानच होत नाही. आणि बदलला नाही तर तो मिळेल तेव्हा त्याची किंमत हजाराइतकीच राहिलेली असेल. हे त्यांनाही कळतं, पण ७,५०० आता टोपीवर छापलंय, बॅनरवर छापलंय, लोकांच्या तोंडात बसलंय.

२०२४ च्या जुलैअखेर जंतरमंतरला जायचं ठरलं तेव्हा आईने खूप भांडण केलं. सत्तरीचा माणूस, ऐन पावसाळ्यात, मंगला एक्स्प्रेसने, स्लीपरमध्ये. तिकिटाचे पैसे तरी पेन्शनमधून निघतात का, असं तिने विचारलं, आणि ते खरंच निघत नव्हते, जाऊन-येऊन आणि खाणंपिणं धरून. तरी गेले. नाशिकरोडला सोडायला मी गेले होते, प्लॅटफॉर्मवर पंचवीसेक जण असतील, सगळ्यांच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, एकाने तर चक्क ऑक्सिमीटर आणलेला. तिकडून आल्यावर सांगितलं की त्यानंतर आमचे नेते कामगारमंत्र्यांना भेटले, सकारात्मक चर्चा झाली. मी विचारलं सकारात्मक म्हणजे काय. म्हणे, म्हणजे यावेळी बसायला खुर्ची दिली.

मागच्या आठवड्यात घरी एक मावशी आल्या होत्या, नवरा पप्पांच्याच कंपनीत होता, दिवाळीनंतर गेला. विधवा पेन्शन नवऱ्याच्या निम्मी, आणि ती हजाराच्या खाली जात असेल तर हजार. पप्पांनी डायनिंग टेबलवर फाइल उघडली, पीपीओची म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, पासबुक, आणि नवरा-बायकोचा एकत्र फोटो. त्यांच्याकडे एकत्र फोटो एकच निघाला, १९८९ चा, वणीच्या गडावर काढलेला, मागे दोन अनोळखी माणसं. पप्पांनी मला कापून द्यायला सांगितला. मी स्कॅन करून कापून दिला, मूळ फोटो त्यांना परत दिला.

बुधवारी मला सुट्टी नाहीये, पप्पा सिटीलिंकच्या बसने गार्डनला जातील म्हणाले. टोपी धुवायला टाकलीये.