लाल विंचवाचा दंश आणि दोन वाटांनी जाणारा हुकूम

शालेय पुस्तकांत चेतासंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी यांची माहिती शेजारी शेजारी, पण वेगवेगळी दिलेली असते. एक वेगवान, विजेच्या संदेशांवर चालणारी. दुसरी संथ, रक्तातून संप्रेरके धाडणारी. परीक्षेत दोहोंतील फरक विचारला जातो आणि विद्यार्थी तक्ता काढून मोकळे होतात. जीवशास्त्र शिकवताना मला हा तक्ता नेहमीच अपुरा वाटत आला आहे, कारण शरीरावर खरोखर संकट ओढवते तेव्हा या दोन संस्थांमधली सीमारेषा नेमकी कुठे आहे, हे सांगणे अवघड होऊन बसते. ती किती पुसट आहे हे समजून घेण्यासाठी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आधी अधिवृक्क ग्रंथीकडे पाहू. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अशी एकेक ग्रंथी असते आणि तिचा आतला गाभा हा वस्तुतः चेतासंस्थेचाच भाग असतो. भ्रूणावस्थेत ज्या पेशींपासून अनुकंपी (संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या शाखेच्या) चेतापेशी तयार होतात, त्यांच्यापासूनच या गाभ्याच्या पेशीही घडतात. मेरुरज्जूतून निघालेला अनुकंपी तंतू हृदयाकडे किंवा रक्तवाहिन्यांकडे जाताना वाटेत दुसऱ्या चेतापेशीला संदेश देतो आणि ती तो पुढे अवयवापर्यंत नेते. अधिवृक्क ग्रंथीकडे जाणारा तंतू मात्र थेट गाभ्यापर्यंत पोहोचतो. तिथल्या पेशींना पुढे संदेश नेणारा लांब तंतू नसल्यामुळे त्या आपले रसायन सरळ रक्तात सोडतात. त्यात साधारण ८० टक्के ॲड्रेनलीन आणि उरलेले बहुतांश नॉरॲड्रेनलीन असते. हेच नॉरॲड्रेनलीन चेतातंतूच्या टोकाशी पाझरले की त्याला आपण चेतासंदेशवाहक म्हणतो आणि रक्तात मिसळले की संप्रेरक!

एकच हुकूम दोन वाटांनी जाण्यात फायदा आहे. चेतातंतू हृदयाची गती काही सेकंदांत वाढवतो, पण त्याचा अंमल जिथे त्याचे टोक पोहोचते तेवढ्यापुरताच असतो. माणसाच्या श्वासनलिकांच्या स्नायूंकडे अनुकंपी तंतू फारच थोडे जातात. त्या सैल पडून श्वास मोकळा व्हावा यासाठी रक्तातून येणारे ॲड्रेनलीनच कामी येते. यकृतातील ग्लायकोजेनपासून ग्लुकोज तयार करण्याचा आदेश दोन्ही मार्गांनी पोहोचतो. दरम्यान मेंदूतील अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला जागे करतो आणि काही मिनिटांनी कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी वाढू लागते. हे कॉर्टिसॉलयुक्त रक्त गाभ्यातून वाहत जाते आणि नॉरॲड्रेनलीनचे ॲड्रेनलीन करणारे विकर तिथे टिकवून धरते. शार्क माशांमध्ये हे दोन्ही भाग एकमेकांपासून वेगळे असतात, आपल्याकडे मात्र एक दुसऱ्याच्या पोटात आहे. ही रचना मला संपूर्ण शरीरशास्त्रातील सर्वांत सुबक रचनांपैकी एक वाटते.

या सगळ्याला लगामही आहेत. रक्तातील ॲड्रेनलीन काही मिनिटांत नाहीसे होते, रक्तदाब वाढला की मोठ्या रक्तवाहिन्यांतील संवेदक मेंदूला कळवून हृदय मंदावतात, कॉर्टिसॉल स्वतःच अधश्चेतकाला आवरते आणि चेतातंतूच्या टोकाशी साचलेले नॉरॲड्रेनलीन त्याच टोकावरील अल्फा-२ ग्राहींना (रसायन ओळखून पेशीला संदेश देणाऱ्या रेणूंना) चिकटून पुढचा स्राव कमी करते.

लाल विंचवाचे विष नेमका हा आवर घालवते. चेतातंतूवरील सोडियमच्या वाहिन्या संदेश जाताना उघडतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत बंद होतात. विष त्यांना वेळेवर बंद होऊ देत नाही, त्यामुळे तंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होत राहतो. सुरुवातीला परानुकंपी (अनुकंपीच्या उलट, शरीराला शांत करणाऱ्या) बाजूची लक्षणे ठळक असतात, म्हणजे उलट्या होतात, लाळ सुटते, नाडी मंदावते. घामाने अंग भिजते. मग अनुकंपी तंतू आणि अधिवृक्क ग्रंथी दोन्ही एकाच वेळी रिकाम्या होऊ लागतात. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते. इन्शुलिनचा स्राव दबल्यामुळे रक्तात साखर वाढते, पण पेशींना ती नीट वापरता येत नाही. आकसलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध झगडणारे हृदय अखेर थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. रुग्ण दगावतो तो बहुधा शरीराच्या स्वतःच्याच रसायनांच्या पुरामुळे.

महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे रुग्णाच्या खाटेशेजारी बसून, तासातासाने टिपली. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिन या उच्च रक्तदाबावरील औषधाचा अनुभव मांडला. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण माझ्या मते त्यांचे काम वैद्यकाइतकेच शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गातही शिकवले जायला हवे. कारण प्राझोसिनची निवड केवळ रक्तदाब उतरवण्यापुरती नव्हती. ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राही अडवते, मग हुकूम तंतूकडून आलेला असो की ग्रंथीकडून. आणि अल्फा-२ ग्राहींना ते फारसे धक्का लावत नाही, म्हणजे चेतातंतूच्या टोकाचा नैसर्गिक लगाम शाबूत राहतो. शिवाय त्याने इन्शुलिनच्या स्रावावरील दडपणही हलके होते.

पुढे विंचवावरील प्रतिविषही उपलब्ध झाले. प्रतिविष रक्तातल्या विषाला निष्प्रभ करते, पण एकदा सुटलेल्या ॲड्रेनलीनवर त्याचा काही इलाज चालत नाही. ते काम ग्राहींपाशीच करावे लागते. म्हणून बावस्करांनी केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही औषधे एकत्र देऊन पाहिली गेली, आणि नुसते प्राझोसिन मिळालेल्या रुग्णांपेक्षा ते रुग्ण लवकर सावरले.