गुरुजी आणि त्रेचाळीस

माझ्या सेवापुस्तकात जन्मतारीख १ जुलै १९५९ अशी नोंदलेली होती आणि ती खरी नाही हे माझ्या आईला, मला आणि ती लिहिणाऱ्या गुरुजींना पक्के ठाऊक होते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि त्या काळी पोराचा हात धरून शाळेत आलेल्या बहुतेक आईबापांजवळ तारीख नसे, फक्त आठवण असे. ‘तान्ह्या पोळ्याले झाला, गुरुजी,’ एवढेच माझी आई सांगू शकली; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा मुलांचा सण ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. गुरुजींनी दाखलखारीज रजिस्टरात सहा वर्षे पूर्ण होतील अशी १ जुलै टाकली. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या आमच्या वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येई तो असा. (या तारखेपायी मी काही महिने आधीच, ३० जून २०१७ रोजी, निवृत्त झालो आणि १ जुलैची वेतनवाढ एका दिवसाने हुकली. याबद्दल मी गुरुजींना पुढे अनेकदा छेडले.)

गुरुजी १९५० साली, एकोणिसाव्या वर्षी, नोकरीला लागले. तेव्हा नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि आमच्या भागातल्या प्राथमिक शाळा जनपद सभेच्या, म्हणजे तालुक्याच्या स्थानिक संस्थेच्या, ताब्यात होत्या. १९५६ मध्ये राज्य बदलले, १९६० मध्ये पुन्हा बदलले, १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली. गुरुजींच्या पगारपत्रकावरचा शिक्का तेवढा बदलत गेला, वर्ग तोच राहिला. १९८९ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा माझ्या पिढीतल्यांची मुलेही त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांना बढतीची संधी आली होती की नाही, ते मी कधी विचारले नाही.

त्यांच्याविषयी मला सांगायचे आहे ते मात्र त्यांच्या गणिताबद्दल. ते पुस्तकातले गणित शिकवीत नसत असे नव्हे, परंतु गावातला हिशेब ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी तो आधी आपल्या वर्गाला कळला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हाची हकीकत आईकडून ऐकलेली आहे. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या निवडण्याच्या आवारात, देठ तोडायला जाणाऱ्या बायांची मजुरी आण्यांत ठरलेली असे आणि हातात नवे पैसे पडू लागले. रुपयाचे आणे सोळा आणि पैसे शंभर, म्हणजे आण्याला सव्वासहा. पाव पैसा कोणी देऊ शकत नाही, म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस आणि चारचे पंचवीस असे धरले होते. चार आणे एकदम घेतले तर पंचवीस मिळत, एकेक आणा करून चार वेळा घेतले तर चोवीसच. गुरुजींनी हा एक पैसा पकडला. आठवडी बाजाराच्या दिवशी चौथीची मुले पाटी घेऊन पारावर बसवली आणि ज्या बाईला शंका असेल तिने मजुरी घेण्याआधी पोराला विचारावे असे सांगून ठेवले. आई म्हणे की त्या वर्षी पहिल्यांदा बायांनी आठवड्याचे पैसे एकदम मागायला सुरुवात केली.

शेरांच्या जागी किलो आले तेव्हाही हेच झाले. शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोपेक्षा लहान, एवढे त्यांनी आमच्याकडून घोकून घेतले होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ते आम्हालाही पाठ करायला लावत. ‘औटकी मात्र आता तुमच्या कामाची नाही,’ असे सांगून साडेतीनचा पाढा त्यांनी आमच्या तुकडीपासून सोडून दिला. परंपरेवर प्रेम असलेल्या माणसाने ती कुठे टाकून द्यावी हेही ठरवावे लागते, हे मला त्या वयात अर्थातच कळले नव्हते. एक पाढा वाचला याचाच आनंद झाला होता.

चौथीत असताना त्यांनी आम्हाला नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागपूरला आणले. इतवारीला उतरून सगळी वरात आधी अजब बंगल्यात, म्हणजे वस्तुसंग्रहालयात, गेली आणि तेथून शून्य मैलाच्या दगडाकडे. तिथल्या चार घोड्यांच्या पुतळ्यांकडे आम्ही बघत होतो, तर गुरुजींनी खांबाजवळचे कोरलेले आकडे वाचायला लावले: जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल. ‘आठाने गुणा, पाचाने भागा.’ रस्त्याच्या कडेला पाटीवर २७२ किलोमीटर लिहिणाऱ्या मुलांना बघायला दोन टांगेवाले थांबले होते. पुढे नागपुरात माझी नोकरी सदतीस वर्षे झाली, त्या दगडाजवळून रोज गेलो, पण जबलपूर मला आजही दोनशे बहात्तर असेच दिसते.

उतारवयात गुरुजी नागपुरात उमरेड रोडवर मुलाकडे राहायला आले. महिन्यातून एखाद्या रविवारी मी जात असे. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून वाद पेटला होता. बालभारतीने त्रेचाळीसच्या जोडीला ‘चाळीस तीन’ असे वाचण्याची पद्धत आणली होती आणि वर्तमानपत्रांत मराठी बुडाल्याचे लेख येत होते. गुरुजी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, त्यांना संताप येईल अशा खात्रीने मी पेपर पुढे केला.

त्यांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘अरे बाबू, मी पन्नास साली गेलो तेव्हा पोरं घरून काय शिकून येत? दोन विसा आणि तीन. त्यांच्या आज्या तशाच मोजायच्या. त्यांना त्रेचाळीस म्हणायला मी लावलं. एकेकाला वर्ष लागलं.’

‘म्हणजे नवं बरोबर आहे, गुरुजी?’

‘मला पुस्तक आणून दे.’

पुढच्या रविवारी मी ते नेऊन दिले. त्यानंतर गेलो तेव्हा पुस्तक त्यांच्या उशाशी होते. अंकांच्या पानावर समासात शिसपेन्सिलीने तीन रकाने आखलेले होते आणि थरथरत्या, तरीही पाटीवरच्याच वळणाच्या अक्षरांत प्रत्येक आकड्यासमोर तीन नावे लिहिली होती: त्रेचाळीस, चाळीस तीन, दोन विसा तीन. एकसष्टपर्यंत ते पोचले होते.