कारवान घरात आणताना

कारवान कुत्रा तापट असतो असं ठामपणे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाळलेला नसतो. आमची हरणी जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून आली. पाय दुखावल्यापासून ती शिकारीच्या कामाची राहिली नव्हती. (सशाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. विषय दोघांनीही वाढवला नाही.) निघताना मामा म्हणाले, "ताई, तिला हात लावाया जाऊ नका. तिचं तिला येऊ द्या."

सुरुवातीला तिचा मुक्काम कॉटखालीच. पाहुण्यांना मी दारातच सांगायची, तिच्याकडे बघू नका. कुणी वाकून डोक्यावर हात ठेवू गेलं की ती अंग चोरायची, चावायची नाही, नुसती उठून दुसऱ्या खोलीत जायची. परक्याचा स्पर्श न रुचणं हा या जातीचा मूळ स्वभाव. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली ही जात, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. २००५ साली ती टपाल तिकिटावर आली. पण तिकिटावरची ऐट बघून फ्लॅटमध्ये साखळीला बांधणारे लोक आहेत. बांधून ठेवलेला कारवान खरोखरच बिघडतो.

फिरवण्याचे प्रश्न वेगळे. डोकं इतकं निमुळतं की साधा पट्टा सहज निसटतो, म्हणून ओढ बसली की आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घेतला. मोकळं सोडायचं तर चारी बाजूंनी भिंत हवी, कारण काही पळताना दिसलं की हाक तिच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. काटेरी तार तर नकोच, कातडी कागदासारखी फाटते. सोसायटीतल्या काकू रोज विचारायच्या, "खायला घालत नाही का गं?" शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच हिची चांगली तब्येत, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

खरी धास्ती होती नसबंदीची. पहिल्या दवाखान्यात भूल कोणती देणार विचारलं, तर उत्तर आलं थायोपेंटोन, "सगळ्यांना तेच देतो". मी तिला घेऊन परत आले. ग्रेहाउंडसारख्या वेगवान शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते आणि त्यांचं यकृत हे औषध सावकाश निचरतं. त्यामुळे कुत्रं शुद्धीवर यायला धोकादायक वेळ लागू शकतो. दुसऱ्या डॉक्टरांनी हे मी सांगण्याआधीच सांगितलं. त्यांनी प्रोपोफॉल आणि पुढे आयसोफ्लुरेनचा गॅस वापरला. आधी रक्त तपासलं. लाल पेशींचं प्रमाण जास्त आलं तेव्हा मी घाबरले, पण अशा कुत्र्यांत ते जास्तच असतं म्हणाले. चरबी नाही म्हणजे अंग पटकन गार पडतं, म्हणून टेबलावर गरम गादी आणि घरी आणताना दोन घोंगड्या.

संध्याकाळी ती उभी राहिली, थोडं पाणी प्यायली.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टर खाली जमिनीवर बसले, तिच्याकडे पाठ करून मोबाइल बघत राहिले. बऱ्याच वेळाने हरणीने त्यांची बाही हुंगली आणि शेजारी आडवी झाली. कंपाउंडरला मात्र तिने तेवढ्यात दोनदा खोलीबाहेर घालवलं होतं.