नाइट ड्युटी, एसटी आणि मोबाइलवरचा अभ्यास

रात्री 8 ला ड्युटी सुरू, सकाळी 8 ला चार्ज (वॉर्डाचा ताबा) पुढच्या पाळीला द्यायचा, मग जळगावच्या स्टँडवरून चोपड्याची नाहीतर पाचोऱ्याची एसटी पकडायची. अशा सिस्टरला “वेळ मिळेल तसा कोर्स करा” असं सांगून काही होत नाही. तिला वेळ मिळत नसतो, तो काढून द्यावा लागतो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या धोरणात नर्सच्या नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी आणि त्यासाठी 150 तासांचं निरंतर शिक्षण आहे. म्हणजे वर्षाला 30 तास. प्रत्यक्षात बरेच तास शेवटच्या काही महिन्यांत उरकले जातात. आवाज बंद करून व्हिडिओ चालू ठेवायचा, शेवटची प्रश्नावली सोडवायची, पीडीएफ उतरवून घ्यायची. यात सिस्टरचा आळस नाही. धडा 40 मिनिटांचा असतो, विषय वरून ठरलेला असतो आणि उद्याच्या ड्युटीत त्यातलं काही हाताला लागत नाही.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर टिकते: निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि सोबत माणसं असणं. वॉर्डातल्या अभ्यासाची घडी यावरच बसवावी. पुढच्या महिन्याचे विषय सिस्टरांनीच निवडावेत. धडा 5 मिनिटांच्या वर नको आणि तो व्हिडिओपेक्षा आवाजाचा असावा. 32 केबीपीएस इतक्या हलक्या दर्जावर 5 मिनिटांचा ऑडिओ सव्वा एमबीच्या आत बसतो. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडे रेंज येते-जाते, तिथे मुख्यालयाला आल्यावर महिन्याचे सगळे धडे एकदाच उतरवून नेता येतात.

प्रश्न कसा असावा? “एक्लॅम्प्सियाची व्याख्या लिहा” (म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके) असा नको. असा हवा: आठव्या महिन्यातली बाई, झटके आलेत, बीपी 170/110. ट्रेमध्ये मॅग्नेशियम सल्फेटचे 50 टक्क्यांचे 2 मिलीचे ॲम्प्युल आहेत. शिरेतून 4 ग्रॅम द्यायला किती ॲम्प्युल फोडाल, आणि त्यात किती सलाइन?

एका ॲम्प्युलमध्ये 1 ग्रॅम, म्हणून 4 ॲम्प्युल, म्हणजे 8 मिली. त्यात 12 मिली नॉर्मल सलाइन घातलं की 20 मिली होतं आणि द्रावण 20 टक्क्यांचं बनतं. ते निदान 5 मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं. मग प्रत्येक कुल्ल्यात खोल 5 ग्रॅम, म्हणजे 5-5 ॲम्प्युल. एकूण 14. उपकेंद्रात शिरेतला डोस वगळून स्नायूतले 10 ग्रॅम देऊन लगेच रेफर. चूक बहुतेक दोन ठिकाणी होते: ग्रॅम आणि मिली यांची गल्लत, किंवा 50 टक्क्यांचं औषध पातळ न करताच शिरेत. म्हणून प्रश्नाला पर्याय देताना चुकीच्या पर्यायांत “4 मिली” असलाच पाहिजे. पुढच्या डोसआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स (नी-जर्क), श्वास मिनिटाला किमान 16 आणि लघवी तासाला किमान 30 मिली हे तिन्ही पाहायचं. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं.

हाच प्रश्न आकडे बदलून 3, 10 आणि 30 दिवसांनी पुन्हा पाठवावा. एकदा ऐकलेलं विसरतं, आठवायला लावलेलं राहतं. धड्यात पेशंटला विचारायचे प्रश्न अहिराणीतही घालावेत: “डोकं दुखस का? डोयासमोर अंधारी येस का?” नव्याने बाहेरून आलेल्या सिस्टरला याचा फार उपयोग होतो. नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरीची तशीच गरज आहे.

उत्तरांसाठी व्हॉट्सॲपचा पोल वापरू नये. कोणी काय निवडलं हे सगळ्यांना दिसतं, मग ज्युनिअर सिस्टर इन्चार्जचं उत्तर बघूनच बोट लावते. गुगल फॉर्म घ्या, त्यात नाव-ईमेल मागू नका. कोणता प्रश्न किती जणींचा चुकला एवढंच कळलं तरी पुढच्या धड्याचा विषय मिळतो. ड्युटी लिस्टच्या ग्रुपवर धडे टाकू नका, नोटिशी आणि शुभ सकाळच्या चित्रांखाली ते गाडले जातात. वेगळा ग्रुप करून फक्त ॲडमिननेच पाठवायचं असं सेटिंग ठेवा. फॉरवर्ड होऊन आलेला डोस संस्थेच्या प्रोटोकॉलशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. पेशंटचा चेहरा, नाव, केसपेपर यांचा फोटो तर कधीच नाही.

वेळ मात्र ड्युटीतलाच हवा. दुपारी 2 च्या चार्जच्या वेळी दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर एकत्र असतात. तिथली 10 मिनिटं मेट्रननी (मुख्य परिचारिकेनं) लेखी राखून द्यावीत आणि तेवढा वेळ पेशंटची बेल कोण बघणार तेही ठरवावं. ते ठरलं नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात ती 10 मिनिटं कामात जातात. वॉर्डात वापरलेला फोन 70 टक्के अल्कोहोलच्या वाइपने पुसावा, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर ठेवू नये.

कौन्सिलच्या तासांसाठी मान्यताप्राप्त कोर्स वेगळे करावेच लागतात, वॉर्डातला हा अभ्यास त्यात आपोआप धरला जात नाही. कोर्सला नाव नोंदवताना स्पेलिंग नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच टाका. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सिस्टरांचं इथेच अडतं. प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी उतरवून ईमेलवर ठेवा. फोन हरवतो, ॲप बंद पडतं, आणि नूतनीकरणाच्या वेळी ते पुन्हा मिळवताना रजा खर्ची पडते.