वणी ते घुग्घुस, कोळशाच्या पट्ट्यातून

दिवाळी झाल्यावर मामाजींकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला गेलो की सगळे रंगनाथ स्वामींच्या देवळात नेतात, यंदा म्हटलं कोळशाची खाण दाखवा. मामाजी हसले, "कोयसा काय पाहाचा बे?" पण बाइक काढलीच.

उकणीच्या खाणीकडे वळलो आणि दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, बोंडं मस्त फुटलेली, फक्त रस्त्याला लागून असलेल्या चार ओळींतला कापूस राखाडी. हात लावला तर बोटं काळी. गावात येऊन खरेदी करणारा व्यापारी हा कापूस वेगळा काढतो आणि भाव पाडतो म्हणे. पुढे डोंगर दिसायला लागले, आता वणीत डोंगर कुठून आले तर ते ओबीचे, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढून रचलेले ढीग, वरती बाभळी पण उगवल्यात.

आत सोडत नाहीत, पण कडेच्या एका शेतातून खड्डा दिसतो. खड्डा म्हणजे काय, अख्खं गाव आत बसेल असा! पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेला, वर आपली काळी माती, मग पिवळट दगड आणि पार तळाशी कोळसा. वर्धा खोऱ्यात हा थर काही ठिकाणी पंधरा-वीस मीटर जाड आहे. डंपर वरून खेळण्यातले वाटतात. दुपारी ब्लास्टिंग झालं तर पायाखालची जमीन हलली, मामाजींनी तंबाखू चोळणंही थांबवलं नाही.

१९७३ ला खाणी सरकारच्या झाल्या, इथलं काम वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी बघते. जमीन घेतात १९५७ च्या कोळसा कायद्याने आणि त्यातली कलमं इथे पोरासोरांना पाठ आहेत, चार म्हणजे कोळसा शोधायची नोटीस, नऊ म्हणजे जमीन घेतल्याची घोषणा. मामाजी म्हणाले, "सेक्शन चार लागलं तं लोकं सोयरीक जमवतेत, नऊ लागलं का मंग जमीन सरकारची."

टपरीवर चहा घेताना मी त्यांना मंगोलियाचं सांगितलं. तिथे गोबी वाळवंटात तवान तोलगोई म्हणून सरकारी साठा आहे, ६०० कोटी टनांहून जास्त, त्यात स्टीलला लागणारा कोकिंग कोळसाही (आपला मुख्यतः वीजघरातच जातो). चीनच्या बॉर्डरपर्यंत वर्षानुवर्षं ट्रकांच्या रांगा, रेल्वे झाली २०२२ मध्ये, आणि त्याच डिसेंबरात कोळसा चोरीवरून लोक मरणाच्या थंडीत राजधानीच्या चौकात उतरले. पण तिथल्या सरकारने प्रत्येक नागरिकाला तो कोळसा काढणाऱ्या सरकारी कंपनीचे १०७२ शेअर देऊ केले होते!

मामाजींनी बशी खाली ठेवली. "शेअरवर नोकरी लागते का?"

कारण इथला हिशोब वेगळाच. जमीन गेली की वेकोलित दोन एकरामागे एक नोकरी. त्यांच्या शेजाऱ्यांकडे तिघा भावांत मिळून अडीच एकर, एकाचा पोरगा लागला, बाकी दोघांना पैसे, आता तिघांची चूल तर सोडाच बोलणंही बंद. मला विचाराल तर शेअर काय नि नोकरी काय, ज्याचं वावर गेलं त्याला नंतर त्या कोळशाबद्दल कोणी विचारत नाही.

मामाजींचं वावर अजून आहे. मी विचारलं, नऊ लागावं वाटतं की नाही? तर म्हणाले, "मले नाही वाटत. तुया भावाले वाटते."

पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडला की घुग्घुस, तिथून चंद्रपूरला बस मिळते. जायचं तर सकाळी लवकर निघा आणि पांढरा शर्ट घालू नका.