बीएला इंग्लिश लिटरेचर घेताय? मग आधी कविता वाचा

बारावीनंतर बीएला स्पेशल इंग्लिश घेतलं की घरचे पहिल्यांदा हेच विचारतात, म्हणजे आता फाडफाड इंग्लिश बोलणार ना? तर तसं नसतं. तिथे स्पोकन वगैरे कमी, नाटक, सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता, कादंबरी, क्रिटिसिझम म्हणजे समीक्षा हेच जास्त, आणि मराठी मीडियमच्या पोरांना पहिलं वर्ष खरंच जड जातं म्हणून बरेच जण थेट गाईडच उचलतात.

मला यातच वाईट वाटतं. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' घ्या, इंग्रजी कवितांचं पुस्तक आहे, 1976 ला आली, 1977 ला तिला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. तिची पहिलीच कविता एसटीची आहे, खिडक्यांना ताडपत्री लावलेली, बाहेरचं काहीच दिसत नाही, आणि एका म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत आपलाच चेहरा दुभंगलेला दिसतो. आता हे समजायला गाईड कशाला लागतं? एसटीचे धक्के खाल्लेल्या पोराला हे लंडनच्या प्रोफेसरपेक्षा जास्त कळतं, असं माझं ठाम मत आहे. गाईडमध्ये मात्र थीम, इमेजरी असे मुद्दे असतात, कविता गायबच.

आणि मराठी वाचन सोडू नका हं, मराठीतले कवी मर्ढेकर आणि कादंबरीकार नेमाडे दोघंही इंग्रजीच शिकवायचे, इकडचं तिकडे उपयोगी पडतंच. डिक्शनरी मोबाईलवर आहे, कविता मोठ्याने वाचा, नाही कळली तर दुसऱ्या दिवशी परत वाचा, गाईड काय, परीक्षेच्या आधी चाळलं तरी चालतं.